प्रतिसाद: गोव्यातल्या शाळा आणि त्यांची ग्रंथालयं

वर कुणीतरी म्हटलंय की मुक्तीपूर्वी गोव्यात हायस्कूल म्हणजे पणजीचं लिसेव आणि पुस्तकं म्हणजे फक्त पोर्तुगीज. अर्धंच चित्र झालं हे. लिसेव १८५४ चं, सरकारी ग्रंथालय त्याच्याही आधीचं, १८३२ चं. बंद केलेल्या ख्रिस्ती मठांतली पुस्तकं त्यात आली. पण मराठी शिक्षण लोकांनी स्वतःच्या पदराला खार लावून उभं केलं. मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था १९०८ ची, घराघरांतून मूठ-मूठ तांदूळ गोळा करून चालवलेली! १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदू समाजाला मोकळीक मिळाली आणि शाळा-वाचनालयांना जोर चढला.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात जुनी दाखल-नोंदवही आहे. टाकाच्या शाईतलं मोडीवळणाचं अक्षर, आणि पुस्तकाच्या नावापुढे देणगीदाराचं गाव: म्हार्दोळ, डिचोली, काणकोण. कोणत्या गावात काय वाचत होते, ते इथे दिसतं. माझ्या मते छापील स्मरणिकांपेक्षा हा ऐवज मोलाचा. (स्मरणिकांत बहुतेक अध्यक्षांचे फोटोच!) आपल्या शाळेत अशी वही असेल तर यंदाच्या पावसाआधी तिच्या पानांचे फोटो काढाच. दमट हवा आणि वाळवी थांबत नाही.