मदत हवी आहे: ब्राउझरमधल्या सेलेस्टमध्ये उजवीकडे वर तिरपी झेप लागत नाही

राम राम मंडळी,

अमळनेरला माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी एक ते चार आमच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं, प्रतिज्ञापत्रवाले आणि सातबारावाले ऊन कलल्यावरच येतात. त्या मधल्या वेळात महिनाभर एक गेम खेळतोय आणि आता असा अडकलोय की जाणकारांना विचारल्याशिवाय इलाज नाही.

गेम सेलेस्ट. 2018 चा मोठा, विकतचा नव्हे. त्याच्या आधी 2015 मध्ये मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी पिको-8 या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर चार दिवसांत केलेला छोटा. ब्राउझरमध्ये फुकट चालतो, माझ्या जुनाट मशीनवरही अडखळत नाही. एक मुलगी डोंगर चढते. एकेक पडदा 100 मीटरचा, शिखर 3000 वर. बाणांनी दिशा, सी ने उडी, एक्स ने झेप. झेप आठही दिशांना घेता येते, पण हवेत एकदाच. पाय जमिनीला टेकले की पुन्हा मिळते. झेप शिल्लक असली की तिचे केस लाल, वापरली की निळे. काट्यावर पडली की तोच पडदा पहिल्यापासून.

मी 800 मीटरवर आहे. डावीकडे वर तिरपी झेप दहापैकी दहा वेळा बसते. उजवीकडे वर घ्यायला गेलो की मुलगी नुसती उडी मारते आणि खाली येते. खालच्या पडद्यांवर आधी सरळ वर झेप, मग भिंतीला पाय लावून उडी, असं करत निभावलं. इथे तेवढी जागाच नाही.

पहिले पंधरा दिवस मी स्वतःलाच दोष दिला. बोटं घामेजतात, वय चाळीसच्या पुढे, वाटलं एक्स उशिरा दाबला जात असेल. मग चोपड्याहून भाचा आला. त्याने मागे उभं राहून दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हात बराबर शे तुना. केस दख." तेव्हापासून मी केसांकडे बघतोय. उजवीकडची झेप हुकते तेव्हा केस लालच राहतात, काट्याला टेकेपर्यंत लाल. म्हणजे दिशा चुकली असं नाही, झेप घेतलीच जात नाही. एक्स गेमपर्यंत पोचतच नाही.

पण याच कीबोर्डवर मी दिवसाला वीस-पंचवीस पानं टाइप करतो. एक्सवरचं अक्षर झिजून गेलंय, तरी कळ एकदाही चुकलेली नाही. ब्राउझर बदलून पाहिला, कीबोर्ड उघडून ब्रशने साफ केला, दुसऱ्या पोर्टला लावला. फरक शून्य. दोष नेमका कुठे आहे? नवा कीबोर्ड घ्यावा लागेल का? घ्यायला हरकत नाही, पण कारण कळल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत.

प्रतिसाद

दादा, भाच्याने बरोबर ओळखलंय. साध्या कीबोर्डात प्रत्येक कळीला वेगळी तार नसते. आत आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते, बाजेच्या विणीसारखी, आणि दोन रेषा जिथे भेटतात तिथे एक कळ. दोन कळा एकदम दाबल्या तर कुठल्याही दोन ओळखता येतात. तिसरी अशा जागी आली की त्या जाळीत चौकोनाचे तीन कोपरे भरतात, तर चौथा कोपराही दाबल्यासारखा दिसतो. न दाबलेलं अक्षर उमटू नये म्हणून कीबोर्ड तिसरी कळ सोडून देतो. तुमच्याकडे वर, उजवा आणि एक्स हे त्रिकूट त्यात सापडलंय. डावा बाण जाळीत दुसऱ्या रेषेवर असणार, म्हणून तो चालतो. टाइप करताना शिफ्ट धरली तरी तीन कळा एकदम लागत नाहीत, आणि शिफ्टसारख्या कळांची सोय वेगळी केलेली असते. त्यामुळे दुकानात हा दोष जन्मात दिसला नसता.

खात्री करा: नोटपॅड उघडा, वर आणि उजवा बाण धरून ठेवा, मग एक्स दाबा. अक्षर उमटलं नाही तर हेच कारण. आता लगेच पैसे खर्चू नका. पिको-8 मध्ये झेपेची कळ एक्सप्रमाणे व्ही आणि एम वरही असते, उडीची झेड, सी आणि एन वर. व्ही आणि एम दोन्ही तसेच तपासा.

आणि वयाचं मनातून काढा. कडा सोडल्यावरही 6 फ्रेमपर्यंत हा गेम उडी घेऊ देतो. फ्रेम म्हणजे हलत्या चित्रातलं एक चित्र; सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 6 फ्रेम हा सेकंदाचा पाचवा भाग. जमिनीला टेकायच्या थोडं आधी दाबलेली उडीही तो 4 फ्रेम लक्षात ठेवतो. एवढी सवलत असताना महिनाभर एकाच दिशेला हुकणं हाताचं काम नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. नोटपॅडमध्ये पाहिलं. डाव्या बाणाबरोबर एक्स उमटतो, उजव्याबरोबर नाही. व्ही चंही तेच. एम मात्र उमटला! मी तो पाच-सहा वेळा पुन्हा पुन्हा दाबून पाहिला.

आता एन ने उडी, एम ने झेप. टायपिंगमध्ये या दोन्ही कळा उजव्या तर्जनीच्या, आणि इथे उजवा हात बाणांवर, म्हणून डावा हात पार मधोमध आणावा लागतो. पहिला अर्धा तास तो आपोआप मागे सरकत होता. कीबोर्डच थोडा डावीकडे सरकवला आणि मनगट मोकळं झालं. त्यानंतर चौथ्या प्रयत्नात उजवीकडे वर झेप बसली आणि केस निळे झाले. 800 चा पडदा गेला, 900 चाही.

हजारावर असताना लाईट गेली. या गेममध्ये खेळ साठवायची सोय नाही, त्यामुळे उद्या दुपारी परत 100 पासून. खालचे पडदे आता पाठ आहेत, पण ते सगळे एन-एम वर नव्याने बसवायचे आहेत. कुणी एन-एम वर 3000 गाठलं असेल तर डाव्या हाताची कुठली बोटं वापरता तेवढं सांगा. मी सध्या तर्जनी एम वर आणि मधलं बोट एन वर ठेवतोय.