‘डिजिटल अटक’ झाल्याचा फोन आला, पैसेही गेले. आता काय करावे?

प्रश्न: सोलापुरात चादरी-टॉवेलांचा व्यापार करणाऱ्या माझ्या काकांना आज सकाळी पोलिसी गणवेशातील एकाने व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगून दोन तास धमकावले आणि घाबरून त्यांनी चाळीस हजार रुपये पाठवले. पुढे काय करावे?

उत्तर १: क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर आणि बँकेला कळवा; रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती गोठवली जाण्याची शक्यता वाढते.

उत्तर २: ‘डिजिटल अटक’ अशी तरतूदच भारतीय कायद्यात नाही. व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट जपून ठेवा. काकांना मात्र कृपया दोष देऊ नका. लाजेपोटी माणसे तक्रारच करत नाहीत.

प्रश्नकर्ता: तक्रार नोंदवली आहे. काकांसोबत सायबर पोलीस ठाण्यात निघालो आहे.