मदत हवी आहे: सीट लागलीये, घ्यायची की सोडायची? उद्या ५ पर्यंतच वेळ

तापीकाठ:
सीट लागली आहे. उद्या संध्याकाळी ५ पर्यंत रिपोर्टिंग. घ्यायची, की सोडून पुढच्या वर्षी दुसऱ्या कोर्सला फॉर्म भरायचा? वडील म्हणतात घ्या, आई काही बोलत नाही. ज्यांनी असं केलंय त्यांनीच सांगा, उपदेश नको. साईट आत्ताच हँग होतेय, त्यामुळे जरा लवकर.

सीएसवाला:
कसली सीट? कुठे? दुसरा कोर्स कोणता? कोणाची? ज्योतिषाला पण जन्मवेळ सांगावी लागते भो.

तापीकाठ:
बहिणीची. कॉम्प्युटर, पुण्याला. प्रायव्हेट कॉलेज पण चांगलं आहे. दुसरा म्हणजे बी.एस्सी. अ‍ॅग्री.

सीएसवाला:
मग विचारताय काय! कॉम्प्युटर सोडून शेती? घरी दहा एकर असतील तरी सोडू नका. माझ्या बॅचचे तिघे अमळनेरहून एका बॅगेवर गेले होते, आज तिघांचे पुण्यात फ्लॅट आहेत.

राहुरी_बॅच:
आणि हप्ते किती वर्षांचे, तेही सांगा की. मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून अ‍ॅग्री केलंय. "शेती" म्हणजे नांगर धरणं नव्हे. चार वर्षांत माती, कीड, रोग, बियाणं, पशुपालन सगळं येतं. शेवटच्या वर्षी गावात राहून काम करावं लागतं. बँक आणि कृषी खात्याच्या भरत्या निघतात, कंपन्यांत नोकऱ्या आहेत. पगार कॉम्प्युटरइतका नाही, ते मान्य.

निवृत्त_मास्तर:
धुळ्याचे कॉलेज म्हणजे आपल्या जळगाव विद्यापीठाचेच. घरच्या घरी शिक्षण होईल. आमच्या वेळी तर पुणे विद्यापीठ होते, एका मार्कशीटसाठी पुण्याला एसटीने जावे लागे. १९९० साली जळगावला विद्यापीठ आले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

राहुरी_बॅच:
मास्तर, पेढे बरोबर, विद्यापीठ चुकलं. कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे येतं. डिग्री राहुरीची.

गॅपवाली_भुसावळ:
मी केलंय म्हणून लिहिते. सीट सोडली, वर्ष घरी काढलं. पहिली गोष्ट, सीईटीचा स्कोअर त्या वर्षापुरताच चालतो. पुढच्या वर्षी परत फॉर्म, परत परीक्षा. बारावीचे गुण तेवढे राहतात. गॅपचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, ते काही अवघड नाही. अवघड काय, तर दिवाळीला आलेला प्रत्येक पाहुणा "मग सध्या काय करतेस?" विचारतो. त्याचं प्रतिज्ञापत्र कुठे मिळत नाही.

पुणेकर_मूळ_पाचोरा:
पुण्यात पाठवत असाल तर रूम आत्ताच बघा. मेसचं जेवण पहिल्या महिन्यात बरं लागतं, मग डाळीत पाणी की पाण्यात डाळ कळत नाही. कळण्याचं पीठ घरून द्या.

सीएसवाला:
कोणी विचारलं?

हजार_रुपये:
अरे, सोडायची का घ्यायची यावर भांडताय, फेरी कितवी ते कोणी विचारलंच नाही. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम लागला असेल तर ऑटो फ्रीज होतं, पुढच्या फेऱ्यांत येता येत नाही. तसं नसेल तर हजार रुपये भरून सीट स्वीकारायची आणि बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पसंतीक्रम, मागायचं. कितवा ऑप्शन?

तापीकाठ:
पहिली फेरी. पहिलाच. ऑप्शन फॉर्म मीच भरला.

हजार_रुपये:
मग ऑटो फ्रीज. तरी घाबरू नका. प्रवेश घ्या, आणि रद्द करायची कट-ऑफ तारीख सीईटी सेलच्या वेळापत्रकात बघून भिंतीवर लिहून ठेवा. त्या तारखेच्या आत तिच्या लॉगिनमधून रद्द केलं तर हजारेक रुपये कापून फी परत मिळते. तारीख उलटली की डिपॉझिटशिवाय काही हाती येत नाही. माझ्या भाच्याच्या वेळी एका कॉलेजने ओरिजिनल टीसी द्यायला अकरा दिवस लावले, म्हणून झेरॉक्स प्रत्येकी चार काढून ठेवा आणि अर्जावर पोच घ्या.

राहुरी_बॅच:
आणि "पुढच्या वर्षी" कशाला? अ‍ॅग्रीची कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, वेगळी असते. पीसीएम ग्रुपवरही अ‍ॅग्रीला अर्ज करता येतो. यंदाचा फॉर्म भरलाय का?

तापीकाठ:
माहीत नाही. नसेल भरला.

गॅपवाली_भुसावळ:
"नसेल" म्हणजे? दादा, तुम्ही तिलाच विचारलंय का? वडील, आई, तुम्ही, आम्ही सगळे बोललो. पोरनं म्हननं काय शे ते तं सांगा!

केळी_यावल:
आज बऱ्हाणपूरला केळीचा भाव काय निघाला? कोणाला माहीत असेल तर टाका.

तापीकाठ:
ती तशी बोलत नाही. पण शेताचा नाद आहे. गेल्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत, सीएमव्ही हा व्हायरस आला तेव्हा रोज सकाळी क्लासच्या आधी बागेत जायची. पानावर पिवळ्या रेघा दिसल्या की त्या खोडाला जुन्या ओढणीची चिंधी बांधून यायची, मागून सालदार ते उपटून गाडायचा. वडिलांनी बांधावर लावलेले काकडीचे वेलही तिनेच काढायला लावले. म्हणे मावा तिथून येतो.

राहुरी_बॅच:
बरोबर आहे तिचं. काकडीवर्गीय पिकांवर तो व्हायरस राहतो आणि मावा तो केळीवर नेतो. हे आम्हाला तिसऱ्या वर्षी शिकवलं.

सीएसवाला:
चिंध्या बांधायला डिग्री कशाला?

राहुरी_बॅच:
कोणत्या झाडाला बांधायची ते कळायला.

मोठी_ताई_धुळे:
उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे का? ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. २०२४ चा शासन निर्णय. पुण्याच्या खासगी कॉलेजलाही लागू, पण राहण्या-जेवणाचा खर्च तुमचाच. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर काढलंय ना?

तापीकाठ:
काढलंय, ओबीसीत आहोत. थांबा, तिला विचारतो.

निवृत्त_मास्तर:
मुलगी हुशार दिसते. एमपीएससी करा म्हणावे. कृषी पदवीवर कृषिसेवेची परीक्षाही देता येते.

तापीकाठ:
विचारलं. अ‍ॅग्रीचा फॉर्म तिने कधीच भरलाय. मैत्रिणीबरोबर चोपड्याच्या सायबर कॅफेत. त्या फॉर्मसाठीच सातबारा माझ्या कपाटातून नेला होता. तो सापडत नाही म्हणून घरात चार दिवस ओरडा चालला होता, मीच जास्त ओरडत होतो.

हजार_रुपये:
मग उद्याचं रिपोर्टिंग? घेऊन ठेवणार ना?

तापीकाठ:
घेऊन ठेवतोय. रद्द करायची तारीख तिने वहीच्या मागच्या पानावर आधीच लिहिलेली आहे. वडिलांना कोण सांगणार यावर आत्ता आत बोलणं चाललंय. आई म्हणते मी सांगते.

केळी_यावल:
भाव कोणी टाकला नाही अजून.