किरमिजी म्हणजे नेमका कोणता रंग? तुमचे अनुभव लिहा

आजीच्या ट्रंकेत एक रेशमी लुगडं होतं. त्याला ती किरमिजी म्हणायची. तसंच आईसाठी घ्यायला गेले, तर दुकानातल्या मुलाने मरून, वाइन, राणी सगळं पुढ्यात टाकलं. किरमिजी हा शब्द त्याने ऐकलाच नव्हता. घरी येऊन शोधलं. किर्मिझ म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारा बारीकसा किडा. त्याच्या माद्या वाळवून, कुटून तांबडा रंग काढत. अरबी-फारसीतल्या या शब्दाचं नातं संस्कृत 'कृमिज'शी, म्हणजे किड्यापासून झालेल्याशी लावतात. रेशीम किड्याचं आणि रंगाचं नावही किड्याचंच! तुमच्या घरी हा शब्द आहे का?

*

श्टुटगार्टला आमच्या शेजारी एक तुर्की आजी राहतात. टोमॅटो निवडताना त्या 'किर्मिझी' म्हणाल्या आणि मी थबकलेच. त्यांच्याकडे साध्या लाललाच किर्मिझी म्हणतात. इथल्या गोळ्यांच्या पाकिटावर 'ई १२०' दिसलं की तो कार्माइन, निवडुंगावरच्या किड्याचा रंग. किडा वेगळा, नाव त्याच घराण्यातलं.

*

मी चित्रकला शिकवतो. ट्यूबवर 'क्रिमसन लेक' वाचून मुलं विचारतात, सर, हे कुठलं तळं? क्रिमसन हा युरोपात गेलेला किरमिजीच. आणि लेक म्हणजे तळं नव्हे, आपली लाख! लाखेचा रंग तिकडे गेला तो नावासकट. आता ट्यूबमध्ये ना किडा असतो ना लाख, तरी फळ्यावर मी 'किरमिजी लाख' असंच लिहितो. वर्मिलियनच्या पोटातही लॅटिनमधला छोटा किडाच आहे, पण तो रंग शेंदरी.

*

सर, आम्ही गोंदियाकडचे. बाबा पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडून आणायचे. ती धुतली की पाणी लालभडक व्हायचं. पायाला लावायचा अळता मुळात याच रंगाचा. आई ते पाणी ओतून द्यायची, तेव्हा अंगणातली माती रंगायची. ट्यूबवर लाखेचं नाव आहे हे बाबांना आजच फोन करून सांगितलं.

*

कुडाळला आमच्या घरी याला आमसुली म्हणतात.

*

आमसुली जरा काळपट हो. किरमिजीला निळसर झाक असते.

*

बरोबर, काका. आत्ताच ट्रंक उघडली. घडीच्या आत ती निळसर झाक अजून आहे, बाहेरच्या बाजूची मात्र उडाली.