डीसी पार्टीच्या लेव्हलबरोबर वाढवणं थांबवा

घोडबंदर_डीएम
आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स ग्रुपवर नव्या डीएमना (गेम चालवणाऱ्यांना) सल्ला दिला गेलाय: "आकडा सुचला नाही तर डीसी १५ लावा, आणि लेव्हल वाढेल तसा तोही वाढवत न्या, म्हणजे गेम सोपा पडत नाही." यावर गप्प बसवत नाही. (डीसी म्हणजे वीस बाजूंचा फासा अधिक पात्राचा बोनस मिळून गाठायचा आकडा; पार्टी म्हणजे खेळाडूंची पात्रं.)

या गेमच्या पाचव्या आवृत्तीचा तक्ता साधा आहे. ५ अगदी सोपं, १० सोपं, १५ मध्यम, २० अवघड, २५ फार अवघड, ३० जवळजवळ अशक्य. यातला प्रत्येक आकडा कामाचा आहे. काम कोण करतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. घोडबंदर किल्ल्याची भिंत पहिल्या लेव्हलला १५ होती, तर नवव्या लेव्हललाही १५च. ती मधल्या काळात उंच झाली नाही.

आता हिशेब. पहिल्या लेव्हलचा फायटर (लढवय्या), स्ट्रेंथ १६ (म्हणजे +३), अ‍ॅथलेटिक्समध्ये प्रोफिशियंट (प्रशिक्षित, +२): एकूण +५. डीसी १५ ला फाशावर १० किंवा वर लागतात, म्हणजे ५५ टक्के. नवव्या लेव्हलला स्ट्रेंथ २० (+५), प्रोफिशियन्सी +४, एकूण +९, म्हणजे ७५ टक्के. तुम्ही डीसी १९ केला की तो परत ५५ वर आला. आठ लेव्हलची कमाई गेली. आणि +० वाला विझर्ड (जादूगार) ३० टक्क्यांवरून १० वर घसरला, त्याचा काहीही दोष नसताना.

वाशीचा_चोर
सल्ला माझाच होता, आणि मी तो मागे घेत नाही. नवव्या लेव्हलच्या चोराला एक्सपर्टीज (दुप्पट प्रोफिशियन्सी) असेल तर +१३. डीसी १५ ला २ पडले तरी पास! ९५ टक्के. मग टेबलावर फासा टाकायचाच कशाला? पाथफाइंडर या अशाच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत लेव्हलप्रमाणे डीसी वाढतोच: पहिलीला १५, पाचवीला २०, दहावीला २७. ते लोक वेडे आहेत का?

कळवा_क्लेरिक
पाथफाइंडरचं अर्धंच सांगितलंत. तिथे लेव्हलचा तक्ता हा ज्या गोष्टीला स्वतःची लेव्हल आहे तिच्यासाठी: दहाव्या लेव्हलचा राक्षस, दहाव्या लेव्हलचा सापळा. साध्या भिंतीला, साध्या कुलपाला वेगळा तक्ता आहे: १०, १५, २०, ३०, ४०. तो पार्टी बघून बदलत नाही. शिवाय तिथे प्रशिक्षित माणसाच्या बोनसमध्ये अख्खी लेव्हल मिळवतात. पाचव्या आवृत्तीत प्रोफिशियन्सी वीस लेव्हलमध्ये +२ वरून +६ वर जाते. एका गेमचा तक्ता दुसऱ्यात चालणार नाही.

आणि ९५ टक्के असेल तर फासा टाकूच नका! चोराने कुलूप उघडलं, पुढे चला. फासा तेव्हाच, जेव्हा फसल्यावर काहीतरी घडतं. फसण्याची किंमतच नसेल, तर दहापट वेळ घेऊन काम झालंच, असा नियम २०१४ च्या डीएम गाइडमध्ये आहे.

खरा अन्याय डीसीच्या आकड्यात नसतोच, फासे किती जण किती वेळा टाकतात यात असतो. चौघांनी खाडीकाठून लपत जायचं, प्रत्येकाचे ५५ टक्के, आणि एक जण फसला की सगळे पकडले. चौघेही सुटण्याची शक्यता ९ टक्के. ग्रुप चेक घ्या, निम्मे पास तर सगळे पास: तेच चौघे ७६ टक्क्यांवर जातात. डीसी एका आकड्यानेही बदलला नाही. परसेप्शनला (आजूबाजूचं हेरण्याला) उलट. ३० टक्केवाले चौघे एकेक करून फासे टाकतात आणि गुप्त दार ७६ टक्के वेळा सापडतं. तिथे एकच फासा आणि एक मदतनीस, बस.

वाशीचा_चोर
ग्रुप चेकचं मान्य. तेवढंच.

पण रविवारचं काय करायचं? ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक, चोर पनवेलला अडकला, टेबलावर पाचातले तिघे. साहसाच्या मधोमध डीसी २० चं कुलूप. तिथेही डीसी "कामाचा"च ठेवायचा? मी १२ करतो. सरळ.

घोडबंदर_डीएम
मग पुढच्या रविवारी चोर आला की तेच कुलूप २० होणार? खेळाडूंना हे कळतं. एकदा कळलं की योजना आखणं बंद होतं, कारण आकडा कसाही सरकणारच आहे.

कुलूप तसंच ठेव, वाट वाढव. कुलूप उघडणारा नॉक मंत्र आहे, फक्त त्याचा आवाज ३०० फुटांपर्यंत जातो, पहारेकरी येणार. पहार आहे. दार फोडायचा डीसी २० ठेवलास तरी +५ वाल्याला ३० टक्के, पहारीच्या अ‍ॅडव्हांटेजने (दोनदा फासा, मोठा आकडा धरायचा) ५१. फसला तर दार तुटतंच, पण गोंगाट होतो. किल्ली जमादाराच्या कमरेला लाव.

वाशीचा_चोर
दादा, प्रत्येक वेळी पुस्तक तोंडावर फेकू नका. आठवडाभर नोकरी करून लोक तीन तास खेळायला येतात. त्यातला पाऊण तास दारासमोर गेला तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही. तीन वाटा आधी लिहून ठेवायला प्रत्येक डीएमकडे वेळ नसतो.

ऐरोली_बार्ड
दोघेही मूळ चूक सोडून भांडताय. पुढे जायला एकच दार, आणि त्याला फासा! तिथे डीसी ५ असला तरी कधीतरी गेम अडणारच. कथा ज्यावर टांगलीय त्याला फासा नको. दार उघडणारच, फासा ठरवेल ते गुपचूप उघडलं की आवाज करून.

मेगाब्लॉकवालं त्याहून सोपं आहे. चोराची शीट (पात्राचे आकडे लिहिलेला कागद) ग्रुपवर टाकायला लावा. तो नसेल तर दुसरा कोणीतरी त्याच्या +१३ ने फासा टाकेल. डीसी २० ला ७ लागतात, ७० टक्के.

वाशीचा_चोर
मी स्वतः चोर म्हणून खेळतो तेव्हा दुसऱ्याच्या हातून माझं पात्र मेलं तर? शीट देणार नाही.

कळवा_क्लेरिक
मग फक्त लढाईबाहेरच्या कामांना वापरा, आणि सापळ्याचं नुकसान त्या पात्राला लागू करू नका. हे ब्लॉकच्या दिवशी नको, आधीच ठरवून घ्या.

वाशीचा_चोर
कुलूप आणि सापळा, एवढ्यापुरती शीट देतो. स्टेल्थला (लपत जाण्याला) नाही. आणि डीसी २० आहे हे फासा टाकायच्या आधी मोठ्याने सांगायचं, तरच.

घोडबंदर_डीएम
कुलपाचा सांगेन. चोराला हातात घेतल्यावर अंदाज येतोच. समोरचा खोटं बोलतोय का, त्याचा डीसी सांगणार नाही.