गाडी ४० मिमी खाली घ्यायची आहे, बजेट कमी: स्प्रिंगा कापू की नव्या घेऊ?

पाना_नंबर_१४
पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी, पीळ घेणारी आडवी तुळई); मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. शॉकअप मूळचेच, ७०,००० किमी झालेले, गळती नाही. चांगले कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड) परवडणार नाहीत. उरले तीन पर्याय: आहेत त्या स्प्रिंगा कापणे, लोअरिंग स्प्रिंगांचा सेट, किंवा सगळ्यात स्वस्त कॉइलओव्हर. गाडी रोजच्या वापराची, मागे बऱ्याचदा तिघं असतात. पैसे कुठे घालू?

वेटोळं
आधी ४० चा हट्ट सोडा, ३० वर या. मूळ शॉकअपची दबायची जागा ठरलेली असते. गाडी जितकी खाली, तितका दांडा आधीच आत गेलेला. त्यात मागे तिघं बसले की बंप स्टॉप (दांड्यावरचा रबरी अडसर) लगेच टेकतो आणि वळणावर खड्डा आला तर चाक उसळून पकड सोडतं.

तुमच्या गाडीसाठीच बनवलेला ३० मिमीचा सेट घ्या. उरलेल्या पैशातून नवे बंप स्टॉप आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), आणि जमलं तर शॉकअपही. ७०,००० किमी झालेला शॉकअप गळत नसला तरी आतून सैल झालेला असू शकतो, आणि स्प्रिंग कडक झाली की ते लगेच जाणवतं. बंप स्टॉप काढून टाकू नका. सेटसोबतच्या कागदावर असेल तेवढाच कापा. बंप स्टॉप नसेल तर पिस्टन थेट तळाच्या व्हॉल्व्हवर आपटतो.

स्वस्त कॉइलओव्हर तिसऱ्या क्रमांकावर. उंची बदलता येते म्हणून मोह होतो, पण पैसे वाचवलेले असतात ते नेमके डँपरमध्ये, म्हणजे शॉकअपमध्ये.

ताणदाब
कापण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्याचं गणित कोणी सांगत नाही.

गाडी जमिनीवर उभी असताना दोन वेटोळ्यांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. एक वेटोळं कापलं की स्प्रिंग तेवढीच बुटकी होते. समजा ६ चालू (म्हणजे भाराखाली दबणारी) वेटोळी, मोकळी उंची ३६० मिमी, भाराखाली २१०. म्हणजे उभ्या गाडीत वेटोळ्यामागे ३५ मिमी. एक कापलं की भाराखाली १७५. कडकपणा सहाला पाच या प्रमाणात, म्हणजे २० टक्के वाढतो. स्ट्रटला हा आकडा जवळपास तसाच लागू होतो. मागे स्प्रिंग चाकाच्या पुढे बसलेली असेल तर चाकापाशी फरक जास्त पडतो.

अडचण पुढे आहे. मोकळी उंची आता ३००. शॉकअप पूर्ण लांबला असताना स्प्रिंगच्या दोन बैठकांमधली जागा ३२० असेल, तर गाडी जॅकवर घेतल्यावर स्प्रिंग २० मिमी सैल. पुढे नुसता खडखडाट होईल, पण तुमच्या मागच्या बाजूला ती बैठकीतून सरकून वाकडी बसू शकते. म्हणून आधी ही जागा मोजा. टोक बारीक वळवलेलं किंवा घासून सपाट केलेलं असेल तर ते कापूच नका, बैठक बिघडते. कापायचंच असेल तर अर्धं अर्धं वेटोळं, कटिंग व्हीलने, थांबत थांबत. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग सरळ भंगारात टाका. पोलादाचं पाणी उतरलेलं असतं.

पाना_नंबर_१४
धन्यवाद. ३० चा सेट पक्का. स्वतः बसवताना काय चुकतं?

वेटोळं
स्ट्रटचा वरचा मधला नट. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून बैठकीत हाताने फिरेल इतकी मोकळी झाल्याशिवाय तो उघडायचा नाही. कॉम्प्रेसरचे दोन हूक समोरासमोर, आळीपाळीने हातपान्यानेच आवळा. आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.

दुसरी चूक सर्रास होते: कंट्रोल आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि बीमच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी जॅकवर असतानाच शेवटचे आवळतात. रबर त्या स्थितीत चिकटतं, गाडी खाली आली की कायम पीळ राहतो आणि थोड्याच दिवसांत फाटतं. हे बोल्ट सैल करा आणि गाडी चाकांवर उभी करून, एकदा दाबून सोडून, मग टॉर्कने आवळा.

उंची चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, आधी आणि नंतर. आठवडाभराने स्प्रिंगा बसल्या की अलाइनमेंट. टायर खातो तो मुख्यतः टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं), कॅम्बर (चाकाचा उभा कल) थोडा उणे गेला तरी चालतं.

ताणदाब
एक राहिलं. गाडी जुनी असेल तर मागच्या ॲक्सलला दांडी जोडलेला ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) आहे का बघा. मागचा भाग खाली आला की त्याला वाटतं गाडी भरलेली आहे. मग मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. काम सुरू करण्यापूर्वी दांडीचा कोन टिपून ठेवा आणि नंतर ॲडजस्टरने तोच कोन परत आणा.