मॉलिन्यूचा प्रश्न प्रयोगाने सुटला काय?

प्रश्न
घन आणि गोल हाताने चाचपून ओळखणाऱ्या जन्मांध माणसाला अचानक दृष्टी लाभली, तर समोर ठेवलेल्या वस्तूंना स्पर्श न करता घन कोणता व गोल कोणता हे त्याला सांगता येईल काय, असा प्रश्न डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये मांडला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी तो मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत घेतला; दोघांचेही उत्तर नकारार्थी होते. २०११ मध्ये भारतातील मुलांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्षही तसाच निघाला असे वाचले. मग मधली तीन शतके तत्त्वज्ञ व्यर्थच वाद घालत होते काय?

पहिले उत्तर
तो प्रयोग मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पातला; भारतातील अंध मुलांवर उपचार करून त्यांची दृष्टी कशी घडते याचा अभ्यास त्यात होतो. शस्त्रक्रियेने नुकतीच दृष्टी मिळालेली, ८ ते १७ वर्षे वयाची पाच मुले त्यात होती. हाताळलेला ठोकळा पुन्हा हातानेच ओळखणे आणि पाहिलेला ठोकळा पाहूनच ओळखणे त्यांना चांगले जमले. परंतु हाताळलेला ठोकळा नजरेने निवडताना त्यांची उत्तरे जवळपास अंदाजपंचेच होती. त्यानंतर ज्यांची पुन्हा चाचणी घेतली, त्यांना काही दिवसांतच, खास शिकवणीशिवाय, हेही जमू लागले. मला तरी मूळ नकारापेक्षा हा वेग अधिक विचारात पाडतो.

दुसरे उत्तर
प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेनंतर लगेच दिसणारे चित्र धूसर असते, आणि दोन सारखी चित्रे जुळवता आली म्हणून वस्तूचा घनाकार डोळ्यांना कळला असे सिद्ध होत नाही. शिवाय जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्स यांनी एक अट घातली होती: समोर घन व गोल आहेत एवढे आधी सांगितले, तर कोपरे कोणाला आहेत याचा विचार करून तो माणूस उत्तर काढू शकेल.

प्रश्नकर्ता
निकाल गैरसोयीचा आला की नवी अट जोडायची, ही पळवाट नव्हे काय?

दुसरे उत्तर
निकालानंतर जोडली असती तर पळवाटच ठरली असती. लाइब्निट्स १७१६ मध्येच वारले. ‘ओळखणे’ म्हणजे पाहताक्षणी कळणे, की पाहून तर्काने ठरवणे, हा भेद त्या काल्पनिक प्रसंगानेच उघड केला. ठोकळे जुळवण्याच्या चाचणीत त्यातला पहिलाच अर्थ तपासला गेला. दुसऱ्यासाठी मुलांना वस्तूंची नावे आधी सांगून, त्यांभोवती फिरू देऊन, उत्तराला पुरेसा अवधी द्यावा लागेल.